रोजच्या जगण्यातले मानवी हक्क : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात लहानाची मोठी झाले. आई घरी विड्या वळायची, वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. आता दर रविवारी सकाळी आम्ही चार बायका गल्लीतल्या देवळाच्या ओट्यावर टेबल टाकून बसतो आणि ज्याला लागेल त्याचा अर्ज लिहून देतो. मी वकील नाही. बारा वर्षं अर्ज लिहून, वकिलांना विचारून, खिडक्यांसमोर उभं राहून जे कळलं ते इथे मांडते आहे. प्रश्न सगळे त्या ओट्यावरचे. माणसांच्या ओळखीच्या खुणा मात्र काढून टाकल्या आहेत.

मानवी हक्क म्हणजे नेमकं काय? ते तर मोठ्या कोर्टातलं काम ना?

कायद्याची व्याख्या एका ओळीची आहे. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ म्हणतो की जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांच्याशी निगडित असलेले, संविधानाने हमी दिलेले किंवा आंतरराष्ट्रीय करारांत असलेले आणि भारतातल्या न्यायालयांना अंमलात आणता येतील असे हक्क म्हणजे मानवी हक्क. ऐकायला लांबचं वाटतं. पण हेच हक्क आपल्याला रोज वेगळ्या नावांनी भेटतात. मजुरीचा कायदा, शाळेचा कायदा, घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा, हातगाडीवाल्यांचा कायदा, हे सगळे त्यांचेच अवतार. ‘माझ्या मानवी हक्काचा भंग झाला’ असं ठाण्यात सांगितलं तर समोरचा नुसता बघत राहील. ‘चोवीस तास उलटून गेले, मॅजिस्ट्रेटसमोर का नेलं नाही?’ असं विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

सोलापुरात तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. १९३० च्या मे महिन्यात या शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला. नुसती गांधी टोपी घातली म्हणून माणसांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. डोक्यावर काय घालायचं हेसुद्धा सरकार ठरवतं तेव्हा काय होतं, हे आपल्या पणजोबांनी पाहिलेलं आहे.

रात्री पोलीस पोराला घेऊन गेले. ‘चौकशीला नेतोय’ म्हणाले. मी काय करू?

पहिला प्रश्न हाच विचारायचा : अटक केली आहे का? अटक आणि सुटका यांच्या मधली ‘बसवून ठेवलंय’ नावाची तिसरी अवस्था कायद्यात नाही. अटक नसेल तर त्याला रात्रभर ठाण्यात डांबता येत नाही. अटक असेल तर बऱ्याच गोष्टी लागू होतात.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा राहिला. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी साधारणपणे आधी नोटीस देऊन बोलवायचं असतं, सरळ उचलायचं नसतं. अटक केलीच तर तिचं कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, अटकेचा कागद करून त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, वैद्यकीय तपासणी करायची, वकिलाला भेटू द्यायचं. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. हे शेवटचं तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात यातले बरेच नियम घालून दिले आणि पुढे ते कायद्यात आले.

आपल्या शहरासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि ती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. आपल्याकडे एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, पलीकडे उर्दू. ज्या पोराला मराठी धड वाचता येत नाही त्याच्या हातात मराठी कागद ठेवून सही घेतली की काम झालं, असं आता म्हणता येणार नाही.

मग तुम्ही करायचं काय? घड्याळ बघा. किती वाजता नेलं, कोणत्या गाडीतून, कोण होतं, हे लगेच कागदावर लिहा. ठाण्यात जाताना एकट्या जाऊ नका. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक लावा आणि मोफत वकील मागा. पोलीस आयुक्तालयाला, गाव असेल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांना, वेळ घालून दोन ओळींचा ईमेल टाका. उद्या कोणी ‘आम्ही सकाळी अटक केली’ म्हणालं तर रात्री अकराचा तुमचा ईमेल बोलतो. त्यानेही काही झालं नाही तर उच्च न्यायालयात ‘माणूस हजर करा’ असा अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. मुंबई गाठायची गरज उरलेली नाही.

बाईच्या बाबतीत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला, पंधराच्या आतल्या मुलाला, साठीपुढच्या पुरुषाला, अपंग किंवा गंभीर आजारी माणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, पोलिसांनी घरी यायचं. आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे भेदरलेल्या पोराला कोणीतरी सांगायला हवं.

‘तुमची हद्द आमची नाही’ म्हणून तक्रार घेत नाहीत.

हद्द हे कारण आता चालत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायचा असतो. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितलं. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या काही प्रकरणांत आता चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, तेवढी सूट आहे. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नाकारलं तर तीच तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवायची आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जायचं. पोस्टाची पावती जपून ठेवा.

आम्ही सेटलमेंटचे. कुठे चोरी झाली की आमच्याच पोरांना उचलतात. याला काही कायदा आहे की नाही?

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि दर वेळी आतून हलते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठी केलेल्या वसाहतीत, माणसं तारेच्या कुंपणात राहायची, हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, म्हणून आपण हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कुंपण गेलं. वस्तीचं नाव ऐकून भुवया उंचावणं राहिलं.

आज तुमच्या हातात चांगलं हत्यार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालात विमुक्त जमातींना ‘सराईत गुन्हेगार’ समजण्याच्या रीतीवर न्यायालयाने स्पष्ट बोट ठेवलं आणि या समाजातल्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे निर्देश पोलिसांना दिले. निकालाचं नाव आणि तारीख अर्जात लिहा. आम्ही एका आजीच्या नातवासाठी लिहिलेल्या अर्जात हा परिच्छेद घातला होता. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी तो दोनदा वाचला, मग खुर्ची पुढे सरकवली आणि आजींना बसा म्हणाले.

मजुरी कमी देतात, छाट काढतात. हा मानवी हक्कांचा विषय कसा?

अगदी गाभ्याचा विषय आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची मैदानं बांधली गेली, तिथल्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय म्हणालं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी राबत असेल तर ती वेठबिगारी समजायची, कारण पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच आहे. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. म्हणजे कमी मजुरी हा नुसता हिशेबाचा वाद नाही, मूलभूत हक्काचा भंग आहे.

माझ्या आईचं सूप मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. भिजवलेली पानं, कात्री, मधोमध तंबाखूचा ढीग, बोटाला गुंडाळलेलं सूत. हजार विड्या व्हायला सकाळची संध्याकाळ व्हायची आणि बोटांची टोकं कायमची तपकिरी झाली होती. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर समोरचा माणूस मूठभर विड्या बाजूला सारायचा, ‘छाट’ म्हणायचा आणि तेवढ्याची मजुरी कापली जायची. बाजूला काढलेल्या विड्या तिच्या समोर मोडल्या जायच्या नाहीत. त्यांचं पुढे काय व्हायचं, हे विचारायची तिची कधी हिंमत झाली नाही. मला तेव्हा पासबुक आणि नोंदवही यांचं महत्त्व कळलं असतं तर मी तिच्या प्रत्येक खेपेची नोंद ठेवली असती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे किमान वेतनाचा हक्क आता सगळ्या क्षेत्रांतल्या कामगारांना आहे, नगावर काम करणाऱ्यांनाही. कायद्यात लिहिलेल्या कारणांशिवाय मजुरी कापता येत नाही आणि सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. जादा कामाला दुप्पट दर. कामावरून काढलं किंवा सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. बाई-पुरुषांत मजुरीचा भेद नाही. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. अर्ज कामगार आयुक्त कार्यालयात द्यायचा. सोबत काय लागतं? विडी कामगार ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि रोज किती माल दिला त्याची तुमच्या हातची वही. शाळेची जुनी वही चालते. तारीख, दिलेल्या विड्या, छाट, मिळालेले पैसे, असे चार रकाने आखा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोरीकडून रोज भरून घ्या.

उचल घेतली होती, आता मुकादम गावी जाऊ देत नाही.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे हा प्रश्न दर हंगामात येतो. उचल घेणं गुन्हा नाही. पण उचलीच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवणं, बायका-पोरांना ओलीस ठेवल्यासारखं ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, ही वेठबिगारी आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रमाणे असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे कोणीही तक्रार करू शकतं, अडकलेल्या माणसानेच करावी असं नाही. मारहाण किंवा कोंडून ठेवणं चालू असेल तर आधी ११२.

गटार साफ करायला माणूस उतरवतात. तो स्वतःच तयार असेल तर?

तरीही नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे, खासगी सोसायटीलासुद्धा. कोणी दगावलं तर वारसांना ३० लाख रुपये भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी ठरवलं आहे. तुमच्या इमारतीत कोणी उतरायला लागला तर त्याला थांबवा, पैसे कितीही ठरलेले असोत.

अपघातातला माणूस नेला, आधी डिपॉझिट भरा म्हणाले.

माझ्या चुलत्यांना पुणे रस्त्यावर ट्रकने उडवलं तेव्हा एका खासगी दवाखान्याच्या दारात आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. काउंटरवरची मुलगी एवढंच म्हणत होती, ‘पावती झाल्याशिवाय आत नेता येत नाही.’ माझ्या भावाने शेजाऱ्यांकडून पैसे गोळा केले. काका वाचले, पण पाय गेला. त्या चाळीस मिनिटांत काय बोलायला हवं होतं ते मला नंतर कळलं, म्हणून हे उत्तर जरा जास्त लिहिते.

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो की खासगी, आणि पोलिसांची कागदपत्रं त्याच्या आड येता कामा नयेत. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना तर तातडीच्या रुग्णाकडे आगाऊ रक्कम मागताच येत नाही. शिवाय त्यांच्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तुमचा दवाखाना धर्मादाय आहे का, हे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, त्याला शोधा. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या पीडितेवर प्रथमोपचार आणि उपचार फुकट करणं सगळ्याच रुग्णालयांवर बंधनकारक आहे, नाही केले तर तो गुन्हा ठरतो.

बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही आणि मृतदेहही रोखता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पैसे बुडतात असं नाही, ते वसूल करायला दवाखान्याला दिवाणी मार्ग मोकळा आहे. पण प्रेत तारण ठेवायची वस्तू नाही.

जाता जाता : रस्त्यावर पडलेल्याला उचलून नेणाऱ्याने घाबरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून त्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही.

दाखला नाही म्हणून शाळा घेत नाही. शिवाय मास्तर मारतात.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच कायद्यात मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ असं पालकच म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. आधी मुख्याध्यापकांना लेखी द्या, मग शिक्षणाधिकाऱ्यांना. मुलगी शाळेतून एकाएकी गायब झाली आणि घरी लग्नाची कुजबुज असेल तर १०९८ ला फोन करा. गावात ग्रामसेवकावर बालविवाह थांबवायची जबाबदारी आहे. फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येत नाही.

मुलाच्या नावावर घर केलं, आता तोच निघ म्हणतो.

साठ वर्षांवरच्या आई-वडिलांसाठी २००७ चा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, तिथे वकिलाची गरज नाही. निर्वाहासाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल तर ते रद्द करता येतं. म्हणून हात जोडून सांगते, बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करील’ ही अट कागदात लिहून घ्या. पोटचं पोर असलं तरी.

सुनेला किंवा बायकोला घराबाहेर काढलं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आहे. घर कोणाच्या नावावर आहे हे न बघता तिला त्या सामायिक घरात राहायचा हक्क मिळतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन लावा.

जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी वाळीत टाकलं, दंड मागतात.

पंचांना हा अधिकार कोणीही दिलेला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाला, मयताला न बोलावणं, दुकान बंद करणं, बोलणं तोडायला लावणं, सगळं यात येतं. अडचण पुराव्याची असते, कारण पंच काही लिहून देत नाहीत. दंड मागितल्याचे फोन, संदेश, बैठकीची तारीख, हजर असलेल्यांची नावं त्याच रात्री लिहून काढा.

नाव ऐकून घर भाड्याने देत नाहीत. तक्रार कुठे करू?

इथे मला खोटी आशा दाखवायची नाही. अनुच्छेद १५ सांगतो की दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता इथे धर्म-जातीवरून कोणाला अडवता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं होतं, त्यानंतरच्या संविधानात हे लिहिलं गेलं. पण खासगी घरमालकाने भाडेकरू निवडताना केलेला धर्माचा भेद थेट पकडणारा कायदा आपल्याकडे नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने वस्तीत राहायला नाकारलं तर नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागू होऊ शकतात. ‘तुमच्या लोकांना देत नाही’ हे वाक्य कोणी फोनवर बोललं तर ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. धर्मावरून नाकारलेल्या माणसाला मात्र मी आजवर ठोस वाट दाखवू शकलेले नाही. हा कायद्यातला खड्डा आहे आणि तो बुजायला हवा.

अतिक्रमणवाले हातगाडी मालासकट घेऊन गेले.

पथविक्रेता कायदा, २०१४ म्हणतो की जप्त मालाची यादी सही करून तुम्हाला द्यायची. भाजी-फळांसारखा नाशवंत माल मागितल्यावर त्याच दिवशी परत करायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, ठरलेले शुल्क घेऊन. जागेवरून उठवायचं तर तीस दिवसांची नोटीस. आमच्या इथे शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या एका ताईंनी ट्रकच्या मागे धावण्याऐवजी यादी मागितली. यादी मिळाली, म्हणून तवा आणि गॅसची टाकी परत मिळाली. यादी नसती तर टाकी कोणाची हे कोण सांगणार?

पाणी चार-पाच दिवसाआड येतं. याची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे होते का?

पाणी जगण्याच्या हक्कात येतं असं न्यायालयांनी म्हटलेलं आहे. पण सरळ आयोगाकडे जाण्याआधी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तुमच्या भागाचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि टँकरची नोंद मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. हातात आकडे असले की पुढची तक्रार वजनदार होते.

मग मानवी हक्क आयोगाकडे जायचं कधी?

जेव्हा सरकारी नोकराने हक्क मोडला किंवा मोडला जाताना त्याने डोळेझाक केली, तेव्हा. शेजाऱ्याशी भांडण, नोकरीतली बढती, कोर्टात चालू असलेला खटला, निनावी पत्र, हे आयोग घेत नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करा, ही मुदत विसरू नका. राज्य आयोग मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ आहे. पोस्टाने किंवा ऑनलाइन तक्रार पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. आयोग अधिकाऱ्यांना समन्स काढू शकतो, अहवाल मागवू शकतो, भरपाईची शिफारस करू शकतो. शिक्षा ठोठावणं त्याच्या हातात नाही.

इथे एक सावधगिरी. गळ्यात ‘मानवाधिकार’ लिहिलेलं ओळखपत्र, गाडीवर लाल पाटी, असे लोक वस्तीत फिरतात. ‘केस मिटवून देतो, पाच हजार द्या’ किंवा ‘सदस्य व्हा’ म्हणतात. आयोगाचे असे एजंट नसतात, आयोग सदस्यत्व विकत नाही. आमच्या ओट्यावर आलेल्या एका भाऊंनी बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून अशा माणसाला पैसे दिले होते. कोणी पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. फुकट वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता ही मदत मिळते.

मला लिहिता येत नाही, मराठीही नीट येत नाही. अंगठा चालेल का?

चालेल. ठाण्यात तोंडी सांगितलेली माहिती त्यांनीच लिहून घ्यायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची असते. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा उठवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला जन माहिती अधिकाऱ्याने मदत करायची, असं कायद्यातच आहे. भाषेचं म्हणाल तर अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. आम्ही तेलुगूत सांगितलेलं ऐकतो आणि मराठीत लिहितो, खाली अंगठा, अंगठ्याशेजारी नाव आणि लिहिणाऱ्याची सही.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक खिडकीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर तिथेच थांबा. ही पोच पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा, पावसाळ्यात पत्र्याचं घर गळतं. आईच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे अडले तेव्हा तिच्या पेटीत अशीच एक पिशवी निघाली. आत अठरा वर्षांपूर्वीच्या अर्जाची पोच होती, शिक्क्याची निळी शाई पसरलेली, पण आवक क्रमांक वाचता येत होता. त्या क्रमांकावर फाइल सापडली.